पटावरून उतरलेली मुलगी

मे महिना, ऐन लग्नसराई. रात्री साडेनऊच्या सुमाराला ग्रामसेवकांचा फोन आला. "सर, तुमच्याकडे आठवीला होती ना ती पोरगी, तिची जन्मतारीख पाहिजे. आत्ताच्या आत्ता." मागे बँजो वाजत होता, म्हणजे ते हळदीच्या मांडवाशेजारूनच बोलत होते. शाळेत वीज नव्हती. मोबाईलच्या उजेडात कपाट उघडलं, जनरल रजिस्टर काढलं, ओळीवर बोट धरून तारीख वाचून दाखवली. मुलगी 14 वर्षं 4 महिन्यांची होती.

त्या रात्री सगळं कायद्याप्रमाणे झालं. पोलीस आले, बँजो बंद झाला. मुलगी 18 वर्षांची होईपर्यंत लग्न करणार नाही, असं आईवडिलांनी हमीपत्र लिहून दिलं. सरपंच आणि पोलीस पाटील साक्षीदार. दोन दिवसांनी पेपरात बातमी आली, बालविवाह रोखला म्हणून. आणि तीन आठवड्यांनी, जिल्ह्याची हद्द ओलांडून मावशीच्या गावाला, चाळीस माणसांत ते लग्न लागलं. दिवाळीनंतर ती नवऱ्याबरोबर ऊसतोडीला गेली. पट्टा पडल्यावर, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपल्यावर, परत आली तेव्हा आशाताईंच्या वहीत तिचं नाव चढलं: गरोदर माता, वय 19.

मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होतो. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिचा संसार आता चालू आहे आणि त्यात मी काही भर घालावी असं राहिलेलं नाही. पण त्या एका वर्षात तिच्या नावाला किती हात लागले ते मी अनेकदा मोजलं. शाळा, ग्रामपंचायत, अंगणवाडी, पोलीस ठाणं, बालकल्याण समिती, आरोग्य उपकेंद्र. प्रत्येकाने आपापल्या वहीत काहीतरी लिहिलं. जन्मतारखेसाठी सगळे रात्री शाळेच्या दारात आले. नंतर मात्र शाळेला कोणी काही विचारलं नाही, आणि खरं सांगायचं तर शाळेनेही कोणाला काही सांगितलं नाही. शाळा म्हणजे मीच.

मुलांच्या संरक्षणाचा विषय निघाला की आपल्याकडे पहिला शब्द येतो समन्वय. सर्व संबंधित यंत्रणांनी समन्वयाने काम करावे, हे वाक्य नसलेलं परिपत्रक मी नोकरीत पाहिलं नाही. वाक्यात चूक काही नाही. गोची एवढीच, की ज्या कामाला कोणाचंच नाव लावायचं नसतं त्यालाही हेच वाक्य चालतं. सर्व संबंधित म्हटलं की कोणी एक संबंधित उरत नाही.

आधी आकडे, म्हणजे हे मास्तरचं रडगाणं वाटणार नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) महाराष्ट्रात 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी 21.9 टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. आधीच्या फेरीत हा आकडा 26.3 होता, म्हणजे राज्याची घडी थोडी सुधारली. बीडमध्ये मात्र 43.7 आणि परभणीत 48 टक्के. मराठवाड्याच्या या पट्ट्यात जवळजवळ प्रत्येक दुसरी मुलगी. आणि हे ज्या काळात घडलं त्या काळात कायदा नव्हता असं नाही. बालविवाह प्रतिबंध कायदा 2006 चा, 1 नोव्हेंबर 2007 पासून लागू. दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी, लाखापर्यंत दंड. लग्न लागण्याआधी मनाईहुकूम काढण्याचा अधिकार दंडाधिकाऱ्यांना, आणि तो हुकूम मोडून लावलेलं लग्न मुळातच रद्दबातल. ही तरतूद जबरदस्त आहे. पण मी जवळून पाहिलेल्या एकाही प्रकरणात मनाईहुकमापर्यंत गाडी गेली नाही. शंभर रुपयांच्या स्टॅम्पवरचं, नाहीतर साध्या कागदावरचं हमीपत्र, बस्स.

माणसंही कमी नाहीत. ग्रामीण भागात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे ग्रामसेवक (आता पदनाम ग्रामपंचायत अधिकारी झालंय, काम तेच), त्यांना मदतीला अंगणवाडी सेविका. गावात ग्राम बाल संरक्षण समिती, सरपंच अध्यक्ष, सेविका सचिव. जिल्ह्याला बाल संरक्षण कक्ष. बालकल्याण समिती, म्हणजे एक अध्यक्ष आणि चार सदस्य, ज्यांना 2015 च्या बालन्याय कायद्याने दंडाधिकाऱ्यांच्या पीठाचे अधिकार दिलेत. प्रत्येक पोलीस ठाण्यात एक बालकल्याण पोलीस अधिकारी. 1098 ही चोवीस तासांची हेल्पलाइन, जी 1996 मध्ये मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या एका प्रकल्पातून सुरू झाली आणि 2023 पासून सरकारच चालवतं. बालन्याय कायद्यात तर स्पष्ट लिहिलंय, की वयाआधी लग्न होण्याचा नजीकचा धोका असलेलं मूल हे काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक. म्हणजे लग्न लागेपर्यंत थांबायचीही गरज नाही, धोका दिसला की समितीपुढे आणता येतं.

गावात तर समित्यांची जत्रा आहे. शाळा व्यवस्थापन समिती, सखी सावित्री समिती, बाल संरक्षण समिती, ग्राम आरोग्य-पोषण-पाणीपुरवठा-स्वच्छता समिती, तंटामुक्ती समिती. माणसं तीच सातआठ. मी स्वतः त्यातल्या तिघींवर होतो, आणि एकदा एकाच दुपारी एकाच पारावर बसून आम्ही दोन समित्यांची इतिवृत्तं लिहिली. तंटामुक्तीचे अध्यक्ष तर त्या हळदीला मानाचा फेटा बांधून हजर होते. तेच बाल संरक्षण समितीचे सदस्य.

मग निसटतं कुठे? इतकी वर्षं पट लिहून मला जे दिसलं ते सांगतो. सरकारच्या वह्यांमध्ये मूल जन्मल्यापासून सहा वर्षांपर्यंत अंगणवाडीचं असतं. वजन, उंची, लसीकरण, सगळं लिहिलं जातं, आता मोबाईलवर भरावं लागतं. सहा ते चौदा ते शाळेचं. शिक्षण हक्क कायदा 2009 चा, तो चौदापर्यंत. तोवर मूल शाळेत नसलं तर शाळाबाह्य म्हणून शोधमोहिमा निघतात, मास्तर विटभट्ट्यांवर आणि पालांवर फिरतात, हे मी केलंय. आठवी संपली की शाळेचं कायदेशीर ओझं उतरतं. त्यानंतर मुलगी सरकारी वहीत पुन्हा कधी येते? गरोदर झाल्यावर. आशाताई पहिल्या तीन महिन्यांत नोंद करतात, आणि त्या क्षणापासून पुन्हा सगळे तिच्या मागे लागतात. रक्त तपासा, लोहाच्या गोळ्या घ्या, दवाखान्यातच बाळंत व्हा.

बालक म्हणून वहीतून उतरते आणि माता म्हणून वहीत चढते. मधली चार वर्षं, चौदा ते अठरा, ती कोणाच्याच पटावर नसते. बालविवाह होतात ते नेमके याच चार वर्षांत.

कोणी म्हणेल, किशोरवयीन मुलींसाठी योजना आहेत की. आहेत. पण योजना लाभार्थी मोजते, आणि आली नाही ती मुलगी लाभार्थी नसते, त्यामुळे ती मोजलीच जात नाही. नववीला हायस्कुलात गेली तर तिथल्या पटावर येते, पण हायस्कूल पाच-सात किलोमीटरवर. सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातल्या निळ्या बस आल्या, मुलींना मोफत पास मिळाला, तेव्हा आमच्या भागात फरक पडला हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. ज्या वस्तीपर्यंत बस आली तिथल्या मुली दहावीपर्यंत गेल्या. बालविवाह रोखण्यात पोलिसांच्या गाडीपेक्षा त्या एसटीचा वाटा मोठा, असं माझं मत. पण जिथे बस फाट्यावरच वळते, तिथे आठवी हीच शेवटची इयत्ता.

याहून चीड आणणारी गोष्ट अशी, की या मुलींची यादी सरकारकडे तयार असते. शाळांची माहिती भरायचं जे यूडायस प्लस आहे, त्यात ड्रॉपबॉक्स नावाची एक जागा आहे. एका शाळेतून बाहेर पडलेलं आणि दुसऱ्या शाळेने अजून घेतलेलं नाही असं मूल त्यात जाऊन पडतं. म्हणजे जूनमध्ये आठवी सोडलेली आणि ऑगस्टपर्यंत कुठेच न गेलेली मुलगी नावानिशी, जन्मतारखेनिशी तिथे दिसते. माझ्या मते बालविवाहाचा याहून लवकरचा इशारा दुसरा नाही. आम्ही त्या यादीचं काय करायचो? वरून फोन यायचा, ड्रॉपबॉक्स रिकामा करा. मग कोणाला कुठे दाखवता येईल याची खटपट. ही यादी ग्राम बाल संरक्षण समितीपुढे वाचून दाखवलेली मी एकदाही पाहिली नाही. ती शिक्षण खात्याची, ती समिती महिला व बालविकास खात्याची. दोन्ही कार्यालयं तालुक्याच्या एकाच रस्त्यावर.

अशा निसटण्याची जगातली सगळ्यात बारकाईने तपासलेली कहाणी लंडनची आहे. व्हिक्टोरिया क्लिंबी ही आयव्हरी कोस्टची मुलगी, वडिलांच्या नात्यातल्या एका बाईबरोबर फ्रान्समार्गे 1999 मध्ये तिथे आली आणि 25 फेब्रुवारी 2000 रोजी, आठ वर्षांची असताना, ती बाई आणि तिच्या जोडीदाराच्या छळाने मेली. अंगावर 128 जखमा होत्या. लॉर्ड लॅमिंग यांच्या चौकशीचा अहवाल 2003 मध्ये आला. चार भागांच्या समाजकल्याण विभागांना, पोलिसांच्या दोन बालसंरक्षण पथकांना आणि दोन रुग्णालयांना ही मुलगी माहीत होती, आणि तिला वाचवण्याच्या किमान 12 संधी हातातून गेल्या. त्या अहवालातली एक साधी बाब माझ्यातल्या मास्तरला जास्त टोचली: इंग्लंडमध्ये असताना व्हिक्टोरिया एकही दिवस शाळेत गेली नव्हती. रोज सकाळी हजेरी घेताना तिचं नाव पुकारणारं, ती आज का नाही असं म्हणणारं कोणीच नव्हतं.

त्यानंतर तिथे 2004 चा बालक कायदा आला. प्रत्येक भागात परिषद, पोलीस, आरोग्य सेवा वगैरेंची मिळून बाल संरक्षण मंडळं झाली. पुढे लक्षात आलं, की मंडळात खूप जण बसतात आणि जबाबदारी पातळ होते. 2017 च्या कायद्याने ती मंडळं मोडून स्थानिक परिषद, पोलीस आणि आरोग्य सेवा या तिघांवर सारखी, नाव घेऊन जबाबदारी टाकली. आपल्याकडे याच्या उलट चालतं. एखादी भयंकर घटना घडली की आणखी एक समिती जन्माला येते.

इंग्रजांनी सगळं बरोबर केलं असं मात्र नाही, आणि त्यांची एक चूक आपल्या फार कामाची आहे. देशातल्या प्रत्येक मुलाची माहिती एका ठिकाणी असावी म्हणून त्यांनी कॉन्टॅक्टपॉइंट नावाची संगणकीय नोंदवही बांधली. खर्च सुमारे 22 कोटी 40 लाख पौंड. 2009 मध्ये सुरू झाली आणि ऑगस्ट 2010 मध्ये बंद केली. लाखो मुलांची माहिती लाखो कर्मचाऱ्यांना दिसणार, ती सुरक्षित कशी राहणार, या प्रश्नाला धड उत्तर नव्हतं. आपल्याकडे समन्वय म्हटलं की कोणीतरी उठतो आणि पोर्टल काढू म्हणतो, तेव्हा मला हे आठवतं. अंगणवाडी सेविकेच्या एका मोबाईलमध्ये आधीच किती ॲप कोंबलेत ते जाऊन बघा. आणि 2020 मध्ये, नवी रचना असतानाही, टाळेबंदीच्या काळात तिथे लहान मुलांचे छळाने बळी गेलेच. पण 2024 च्या डिसेंबरात तिथल्या संसदेत जे विधेयक मांडलं गेलं, त्यात शाळेत नसलेल्या मुलांची सक्तीची नोंदवही आहे. फिरून फिरून ते पटापाशीच आले.

माझं म्हणणं त्या पटापुरतंच आहे. ज्या शाळेने आठवीचा दाखला दिला, त्या शाळेच्या वहीत ती मुलगी अठरा पूर्ण होईपर्यंत राहिली पाहिजे. हायस्कुलाने घेतली तर तिथून पोच यावी आणि ओळ तिकडे जावी. पोच आली नाही तर ऑगस्टच्या पंधरा तारखेला, ग्रामसभेच्या दिवशी, मुख्याध्यापकाने ती चारपाच नावं ग्राम बाल संरक्षण समितीच्या सचिवांकडे लेखी द्यावीत आणि सही घ्यावी. ग्रामसभेत वाचून दाखवू नयेत, एवढं भान हवं. एका गावात अशा मुली किती असणार? आमच्या गावात कधी सातच्या वर गेल्या नाहीत. सात नावांना पोर्टल लागत नाही, शंभर पानी वही पुरते. आणि सही लागते, कारण ज्याने सही केली त्याला पुढच्या महिन्यात विचारता येतं.

पण विचारायचं कोणाला? इथे मी गावापासून दूर जातो. गावातल्याच माणसाने गावातलं लग्न मोडायचं, ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते. अंगणवाडी सेविका त्याच गावची सून. तिला पगार नाही, मानधन आहे. ज्या घरातलं लग्न मोडलं त्या घरातली पोरं दुसऱ्या दिवशी तिच्या अंगणवाडीत येणार, निदान यायला हवीत. 1098 वर फोन करणाऱ्याचं नाव गुप्त राहतं असं भिंतीवर रंगवलेलं असतं, पण पाचशे उंबऱ्यांच्या गावात पत्रिका कोणाकोणाला गेली होती आणि त्यातलं कोण शिकलेलं, एवढ्यावर नाव निघतं. आमच्याकडे गाडी गावात शिरायच्या आत "फोन कोणी केला" हा शोध सुरू झालेला असायचा. एका ताईंच्या दारावर महिनाभर कोणी हळदीकुंकवाला गेलं नाही. त्यांनी पुन्हा कधी फोन केला नाही, आणि मी त्यांना दोष देत नाही.

तेव्हा गावाने माहिती द्यावी, रोखण्याचं काम तालुक्यावरून आलेल्या माणसाने करावं. ऑक्टोबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बालविवाहांवरच्या निकालात हेच सुचवलंय: जिल्हा पातळीवर फक्त याच कामाचे प्रतिबंधक अधिकारी नेमा, त्यांच्यावर इतर कामांचा बोजा टाकू नका. ग्रामसेवकाकडे घरकुलं, पाणीपट्टी, जन्ममृत्यू, रोजगार हमी, निवडणूक आणि त्यातच बालविवाह. तो नाइलाजाने रात्री साडेनऊला मास्तरला फोन करणार आणि हमीपत्रावर प्रकरण मिटवणार. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

हद्दीचा प्रश्नही तालुक्याच्या माणसालाच सुटेल. आमच्या जिल्ह्यातल्या आष्टीच्या माणसाला बीडपेक्षा नगर जवळ, आता अहिल्यानगर म्हणायचं. जामखेड, पाथर्डी सगळी सोयरीक. बीडमध्ये मोडलेलं लग्न तिकडे लावायला एक जीप पुरते. तिकडच्या ग्रामसेवकाला इकडचं हमीपत्र ठाऊक असण्याचं कारणच नाही. मुलीला बालकल्याण समितीपुढे हजर करायचं तर मात्र जिल्ह्याच्या गावी जायचं, एक दिवसाची मजुरी बुडवून, एसटीचे तीन बदल करून. वऱ्हाड जिथे तासाभरात पोचतं, तिथे कायद्याला दोन एसट्या चुकतात.

आता आरोग्य खात्याकडे येतो, कारण तिथे यंत्रणा एकमेकींना नुसत्या अनोळखी नाहीत, एकमेकींच्या आड येतात. मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवण्यासाठीच्या 2012 च्या पॉक्सो कायद्याने अठराच्या आतलं प्रत्येक मूल बालक. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बायकोचं वय अठराच्या आत असेल तर नवऱ्यालाही बलात्काराच्या कायद्यातून सूट नाही असं ठरवलं. त्यामुळे सोळा वर्षांची गरोदर मुलगी प्राथमिक आरोग्य केंद्रात आली, की डॉक्टरांनी पोलिसांना कळवणं बंधनकारक. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद. कळवलं तर नवरा आत. नवरा पंचविशीचा आणि मुकादमाच्या उचलीखाली, म्हणजे ऊसतोडीसाठी आगाऊ घेतलेल्या पैशांखाली, दबलेला. म्हणून घरचे मुलीचं वय 19 सांगतात, आधारकार्ड घरी विसरतं, आशाताई डोळे मिटून 19 लिहितात. तशी त्यांना सक्त सूचना असते की एकही गरोदर माता नोंदणीवाचून राहू नये. सुटली आणि बाळंतपणात दगावली तर जाब आशाताईंना. एका खात्याचा नियम पाळायला दुसऱ्या खात्याशी खोटं बोलावं लागतं.

यावर माझ्याकडे साफ उत्तर नाही. कळवण्याची सक्ती काढा असं म्हणायला जीभ रेटत नाही. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरला चार वर्षांच्या मुलींवर शाळेत अत्याचार झाला तेव्हा पालकांना तक्रार नोंदवायला तासन् तास ताटकळावं लागलं, आणि शाळेने वेळीच कळवलं नाही याबद्दल मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन खडे बोल सुनावले. संस्थेची अब्रू झाकायला गप्प बसणाऱ्यांसाठी ती सक्ती हवीच. पण गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीचं नाव, तिने आणि पालकांनी विनंती केली तर, पोलिसांना कळवताना उघड करण्याची गरज नाही, अशी वाट सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये डॉक्टरांना करून दिली. बाळंतपणासाठी आलेल्या मुलीलाही तशीच एखादी वाट हवी, जिच्यात आधी तिचा जीव बघितला जाईल आणि खबर ठाण्याच्या आधी बालकल्याण समितीकडे जाईल. नाहीतर या मुली दवाखान्याचं तोंड बघणार नाहीत, आणि 19 हा आकडा आपल्या वह्यांत असाच फुगत राहील.

सगळ्यात मोठी फट मात्र लग्न मोडल्यानंतरच्या सकाळची. मांडव उतरला, गाडी गेली. मुलगी त्याच घरात. बापाने सोयऱ्यांपुढे मान खाली घातलेली, आचाऱ्याचे आणि मंडपवाल्याचे पैसे अंगावर. आणि दिवाळीला पाच-सहा महिने. बीडच्या डोंगरपट्ट्यात लग्नाचं गणित ऊस ठरवतो. नवराबायको मिळून एक कोयता, मुकादम उचल देतो ती जोडीला. एकट्या पोराचा अर्धा कोयता. म्हणजे लग्न झालं की घरात पूर्ण कोयत्याची उचल येते. मुलीच्या बाजूने बघावं तर आईबाप सहा महिने सांगली-कोल्हापूरकडे, नाहीतर बेळगावकडे फडात. चौदा वर्षांची मुलगी मागे कोणाच्या भरवशावर ठेवायची? म्हातारीच्या? फडातल्या कोपीला दार नसतं, तिथे न्यायची तर त्याहून भीती. त्या मुलीच्या वडिलांनी मला नंतर एकदा विचारलं होतं, "मास्तर, लग्न मोडलं ते ठीक. सहा महिने तुम्ही सांभाळता का?" मी काहीतरी बोललो असेन, काय ते आठवत नाही.

त्यांच्या प्रश्नाचं उत्तर वसतिगृह हे आहे आणि ते कागदावर आहेही. हंगामी वसतिगृहं कितीतरी वर्षांपासून चालतात, पण ती शिक्षण हक्काच्या वयापुरती, म्हणजे पुन्हा चौदाशीच थांबलेली. 2021 मध्ये ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबांच्या नावाने 41 तालुक्यांत 82 वसतिगृहं मंजूर झाली. चांगली योजना, तिच्यावर टीका करायला माझं मन होत नाही. पण लग्न थांबवायला गेलेल्या गाडीतल्या एकाच्याही खिशात त्या वसतिगृहाचा प्रवेशअर्ज नसतो. असायला हवा. हमीपत्र आणि प्रवेशअर्ज एकाच वेळी भरून घेतले, तर हमीपत्राला काही अर्थ. बालसंगोपन योजनेत दरमहा 2250 रुपये मिळतात, तेही अशा किती घरांना बसू शकतील ते तिथेच बघता येईल. ही तीन कामं समाजकल्याण, शिक्षण आणि महिला व बालविकास अशा तीन खात्यांची, पण त्या रात्री त्या ओट्यावर ती एकाच माणसाच्या हातात असायला हवीत. आणि तोच माणूस पहिल्या आठवड्यात, महिन्याने, दिवाळीच्या आधी आणि संक्रांतीला त्या घरी गेला पाहिजे. त्याला दुसरा जिल्हा ओलांडायचा अधिकारही हवा.

आणि तरीही लग्न लागलंच तर? इंग्लंडमध्ये एखादं मूल छळाने दगावलं किंवा गंभीर जखमी झालं तर त्या भागातल्या यंत्रणा एकत्र बसून उजळणी करतात: कोणाला काय माहीत होतं, कधी, आणि ते पुढे का गेलं नाही. त्यातून अहवाल निघतो आणि तो बहुतेक वेळा लोकांसमोर येतो. हेतू कोणाला सुळावर देण्याचा नसतो. आपल्याकडे दोनच गोष्टी होतात, एकतर काहीच नाही किंवा निलंबन. निलंबनाच्या भीतीने माणूस पहिलं काम करतो ते आपली वही नीट करण्याचं. मागच्या तारखेची भेट लिहितो, सह्या गोळा करतो. मी हे आरोप म्हणून लिहीत नाही, केलेलं आहे. मोडूनही लागलेल्या एका लग्नाची जरी तालुक्याने अशी शांतपणे, कोणाची नोकरी पणाला न लावता उजळणी केली, तरी मावशीचं गाव, चाळीस माणसं, ड्रॉपबॉक्समधलं नाव आणि वय 19 ही चारही टोकं एका कागदावर येतील. आज ती चार खात्यांत आहेत आणि पाचवं माझ्या डोक्यात.

निवृत्तीआधी कार्यभार देताना जनरल रजिस्टर तपासायला घेतलं होतं. त्यात शेवटून दुसरा रकाना असतो, शाळा सोडल्याचे कारण. तिच्या ओळीपाशी थांबलो. ती त्या जून महिन्यात वडिलांबरोबर दाखला न्यायला आली होती. नवी साडी, हातात हिरवा चुडा. मी काही विचारलं नाही, त्यांनी काही सांगितलं नाही. रकान्यात माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे: पुढील शिक्षणासाठी.